मी कापलेला परिच्छेद

मिलिंद, तुझ्या लेखातला मी कापलेला परिच्छेद महिन्याभरापूर्वी सापडला. जुन्या मेलमध्ये होता, तू पाठवलेल्या मूळ प्रतीत, अगदी शेवटी. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाची पानं लावताना मी तो उडवला, कारण त्या पानावर मला एका घरं विकणाऱ्या एजंटची अर्ध्या पानाची जाहिरात बसवायची होती. तो एजंट अजून घरं विकतो आहे. तू मात्र पाच आठवड्यांपूर्वी, एका रविवारी सकाळी, कालव्याच्या कडेनं चालायला गेलास आणि बाकावर बसलास तो उठलाच नाहीस.

घाबरू नकोस, मी तुझ्या जन्मगावापासून सुरुवात करणार नाही. शिक्षण, नोकरी, पदकं हे सगळं मंडळाच्या वेबसाइटवर आलं आहे. त्यातही दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त करायला लावल्या. मला तुझ्याशी त्या परिच्छेदाबद्दल बोलायचं आहे. कारण तू गेल्यावर चौथ्याच दिवशी सुजाताच्या औषधाचा प्रश्न उभा राहिला आणि त्याचं उत्तर मी उडवलेल्या त्या दहाबारा ओळींत होतं.

सांधेवातासाठी दर आठ आठवड्यांनी सुजाताला दवाखान्यात जाऊन शिरेतून औषध घ्यावं लागतं. एक खेप लांबली तरी तिची बोटं अशी आखडतात की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो. हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? तिची वेणी तू घालायचास. विमा होता तुझ्या कॉम्प्युटर-चिपच्या कंपनीचा, आणि तो महिनाअखेरीस संपणार होता. पुढची खेप त्यानंतर नऊ दिवसांनी. दवाखान्यातली बाई फोनवर फार गोड आवाजात म्हणाली, "आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस. नवीन इन्शुरन्स कोणता लिहू?"

नवीन इन्शुरन्स होता, निदान असायला हवा होता. वीस वर्षं तू अमेरिकन सैन्याच्या राखीव दलात होतास. महिन्यातला एक शनिवार-रविवार, वर्षातले दोन आठवडे, आणि एकदा सबंध वर्ष लांबच्या वाळवंटात. तिथून पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालास, पण राखीव दलातल्या माणसाला सैन्यातल्या निवृत्तांचा विमा लागू होतो तो साठाव्या वर्षी. मधल्या वर्षांना तुम्ही लोक 'ग्रे एरिया' म्हणता. तू म्हणायचास, "बाई, सरकार आमचे केस नीट पांढरे व्हायची वाट बघते." गेल्या वर्षी तुला साठ पूर्ण झाली, तू अर्ज केलास, तुझं कार्ड आलं. नवरा गेला तरी बायकोला हा विमा राहतो, एवढं मला तुझ्या लेखामुळे माहीत होतं. पण सुजाताचं कार्ड कधी काढलंच नव्हतं. "नाव लावून ठेवलंय, कार्ड काय, कधीही काढू," असं तू तिला सांगितलं होतंस म्हणे. काय रे हे? आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म भरत बसलास आणि घरच्या कार्डाला 'कधीही'!

आपली ओळख कारपूलमधली. माझं ऑफिस आणि तुझा कारखाना चँडलर गावातल्या एकाच रस्त्यावर, म्हणून मंडळातल्या कुणीतरी आपली गाठ घालून दिली. पहिल्याच दिवशी मी तुला "अरे मिलिंद" म्हटलं आणि तू मला म्हणालास, "बाई, सीटबेल्ट लावा." ते तसंच राहिलं. वीस-बावीस वर्षं मी तुला अरेतुरे करत होते आणि तू मला अहोजाहो. मला वाटायचं, नागपूरकडची पद्धत असेल, नाहीतर तुझी चेष्टा. आपण एकाच वयाचे. माझ्या बरोबरीच्या माणसानं मला अहोजाहो का करावं आणि मी ते इतक्या सहज का घ्यावं, हा विचार मला तू गेल्यावर सुचला. वरातीमागून घोडं.

तू पाण्यातला माणूस. कारखान्यात चिप धुवायला लागणारं पाणी शुद्ध करणं हे तुझं पोटापाण्याचं काम, आणि सैन्यातही तुला नेमकी पाणी शुद्ध करणारी तुकडी मिळाली. गाडीत तू सांगायचास, "माझ्या आजोबाले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. आता त्याच्या नातवानं पाणी गाळून दिल्याशिवाय अख्ख्या पलटणीला चहा मिळत नाही. सूड घ्यावा तर असा, क्लोरीन टाकून." आणि स्वतःच खदाखदा हसायचास. मला हसावं की हसू नये ते कळायचं नाही, म्हणून मी रेडिओचा आवाज वाढवायची.

माझी आई पुण्याहून आली होती तेव्हाचं आठवतं? आल्या आल्या ती आजारी पडली आणि तिच्या प्रवासी विम्यानं हात वर केले. तू सुट्टी काढून आलास आणि विमा कंपनीशी फोनवर तीन तास झुंजलास. मधेमधे ते जे संगीत लावून ठेवतात त्यावर तू बोटांनी टेबलावर ठेका धरत होतास. आईनं तुला विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" तू सांगितलंस. मग तू उठून तिच्यासाठी पाण्याचा पेला भरून आणलास आणि म्हणालास, "आजी, आमच्या कंपनीचं पाणी याच्यापेक्षा शंभरपट शुद्ध. पण ते पिण्याच्या लायकीचं नसतं. फारच शुद्ध असलं की काही उपयोग नाही." आईनं तुझ्याकडे बघितलं आणि पेला रिकामा केला. तू त्याबद्दल पुन्हा कधी काही बोलला नाहीस, मीही नाही. त्या दिवशी मला मान वर करून तुझ्याकडे बघता आलं नव्हतं, हे निदान आज सांगते.

मग तो लेख. तो मीच मागितला होता. मंडळातल्या काही मुलांनी राखीव दलात नावं घातली होती आणि त्यांचे आईबाप हवालदिल झाले होते. मी म्हटलं, तू सोप्या मराठीत लिही, निवृत्त झाल्यावर दवाखान्याचं काय असतं, कोणते कागद लागतात. तू दोन महिने घेतलेस. लेख आला त्यावर शीर्षक होतं, 'निवृत्त राखीव सैनिकाचे आरोग्यहक्क'. मी लाल पेन काढलं.

"राखीव नको रे," मी फोनवर म्हटलं. "सरळ रिझर्व्ह लिहू. सगळ्यांना कळतं."

"का बरं? मराठी अंक आहे न?"

"वाचकांना भलतंच वाटेल."

"काय वाटेल?"

तुला चांगलं ठाऊक होतं काय वाटेल ते. पण तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "म्हणजे, आपल्याकडे त्या शब्दाला एक..." असं म्हणून मी थांबले.

"बोला न बाई. तुम्ही संपादक आहात, वाक्य अर्धं सोडून कसं चालेल?"

मग तूच पूर्ण केलंस. नागपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची यादी लागली तेव्हा तुझं नाव वेगळ्या रकान्यात होतं आणि रकान्याच्या डोक्यावर तोच शब्द होता. यादीपुढे उभा असलेला एक मुलगा मित्राला म्हणाला, "इकडं बघू नको, हे राखीव." तू म्हणालास, "चार वर्षं तो शब्द ऐकला की मी मान खाली घालत होतो. मग इथं आलो, वर्दी घातली, कार्डावर तोच शब्द आला, आणि लोक सॅल्यूट मारून राहिले. बाई, हा शब्द मी फुकट सोडणार नाही. होऊ द्या ज्याला काय वाटायचं ते." राखीव राहिला. खरं तर मला वाचकांची एवढी काळजी नव्हती, मलाच तो शब्द छापायचा संकोच वाटत होता.

पण हरल्यावर स्वस्थ बसणाऱ्यांतली मी नाही. शीर्षकातला दुसरा शब्द उरला होता. 'बेनिफिट'ला मराठीत काय म्हणावं? तू 'हक्क' लिहिलं होतंस. 'लाभ' म्हटलं तर दुकानाच्या उंबऱ्यावरचं शुभ-लाभ डोळ्यांपुढे येतं. 'हक्क' मला जरा चढ्या आवाजातला वाटला. मी 'सवलती' केलं. तुला विचारलं नाही. छापून टाकलं.

अंक निघाला त्या संध्याकाळी तू सांबारवडीचा, म्हणजे आमच्या कोथिंबीरवडीचा, डबा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आलास. डबा ओट्यावर ठेवलास, अंक त्याच्या शेजारी. "सवलत एसटीच्या तिकिटात असते बाई. म्हाताऱ्या माणसाला देतात. मी वीस वर्षं शनिवार-रविवार दिले. पोरीचे किती वाढदिवस हुकवले. हे मला कोणी कौतुकानं देऊन राहिलं काय?"

"अरे, पण हक्क म्हटलं की भांडल्यासारखं वाटतं."

"भांडल्याशिवाय मिळालेला एक तरी हक्क दाखवा मला."

वडी गरम होती, भांडणही. ते तीन वर्षं पुरलं. भारतीय वाणसामानाच्या दुकानात तू मला लांबून बघितलंस की हाक मारायचास, "बाई, या कोथिंबिरीवर हक्क आहे की सवलत?" काउंटरवरची मुलगी आपल्याला वेडे समजायची. मी दर वेळी माझं टोक धरून ठेवलं. मिलिंद, खरं सांगू? पहिल्या सहा महिन्यांतच मला तुझं पटलं होतं. पण कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि आठवड्याला दोनदा तुझा फोन कशाला आला असता?

कापलेल्या परिच्छेदाबद्दल मात्र तू एकदाच बोललास, त्याच संध्याकाळी, दारात चपला घालताना. "शेवटचा पॅरा गेला बाई."

"जागाच नव्हती रे. आणि ते जरा घरगुती होतं."

"हो, घरगुतीच होतं," तू म्हणालास आणि डब्याचं झाकण विसरून गेलास.

शब्दासाठी तीन वर्षं भांडणारा माणूस एका परिच्छेदासाठी तीन मिनिटंही भांडला नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

तुझ्या अंत्यविधीला दोन तरुण सैनिक आले होते. त्यांनी झेंडा घडी घालून तिकोनी केला आणि सुजातापुढे गुडघा टेकून तिच्या हातात दिला. त्याआधी आपल्या लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, तेव्हाही ते दोघे हात जोडून उभे होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सुजाताची बोटं झेंड्याभोवती मिटेनात. मैत्रेयीनं खालून हात लावला. तुझी लेक सांता क्लाराहून रात्रीच पोचली होती, डोळे सुजलेले, पण रडत नव्हती. तुझ्यासारखीच, आधी काम, मग बाकीचं.

दवाखान्याचा फोन आला त्या दुपारी आम्ही तिघी तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसलो. मैत्रेयी म्हणाली, "डॅडकडे एव्हरीथिंगचं फोल्डर असतं, मावशी. लेट मी लुक." फोल्डर निघाली. गाडीची, घराची, अगदी पाण्याच्या फिल्टरचीसुद्धा. सैन्याच्या फोल्डरमध्ये तुझे सगळे कागद होते. सुजाताच्या नावाचा म्हणून एकच कागद होता, तुमच्या लग्नाचा दाखला, इंग्रजी भाषांतरासह. मी तो वाचला, परत वाचला.

"ही कुसुम कोण?"

सुजाता चहा गाळत होती. मागं न बघताच म्हणाली, "मीच की."

बावीस वर्षं मी तिला ओळखते. तिच्या हातची पातोडी खाल्ली, तिच्या बाळंतपणाच्या गोष्टी ऐकल्या, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. तिचं नाव कुसुम होतं हे मला माहीत नव्हतं. माझं स्वतःचं माहेरचं नाव मी इथं येतानाच राखलं, का, तर कागदपत्रांची कटकट नको. त्यात मी पुष्कळ मिरवलेलंही आहे, अंकाच्या संपादकीयातसुद्धा.

"सासूबाईंनी बदललं," ती म्हणाली. "नाव चांगलंच ठेवलं, सुजाता. बुद्धाला खीर देणारी. फक्त आई फोनवर कुसुम म्हणाली की सासूबाई रिसीव्हर घेऊन दुरुस्त करायच्या. मग आईनंच सोडून दिलं."

"आणि मिलिंद?"

"ते काय म्हणतील? आईपुढे बोलायचे नाहीत." कप टेबलावर ठेवताना तो तिच्या हातात थोडा कलंडला.

मैत्रेयी दाखला आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बसली होती. एकावर कुसुम, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. दुसऱ्यावर सुजाता, तुझं नाव, तुझं आडनाव. एक नावही जुळत नव्हतं. "मम्मी, दे विल थिंक डॅडनं दुसरंच कोणाशी लग्न केलं," ती म्हणाली आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

तेव्हा मला काहीतरी आठवलं. घरी येऊन मी तुझा मेल शोधला. माफ कर, तुझा परिच्छेद इथं देते आहे, जसा होता तसा.

"आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात. त्यामुळे लग्नाच्या दाखल्यावर एक बाई असते आणि पासपोर्टवर दुसरी. दोघी एकच आहेत हे तुम्हाला माहीत आहे, पण ऑफिसातल्या कॉम्प्युटरला माहीत नाही. आपण मरू तेव्हा विमा त्या बाईला मिळायचा आहे. म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र करून, नोटरीची सही घेऊन, नाव लावतानाच ते दप्तरात जोडा. नवरा जिवंत असताना हे एका सहीचं काम आहे. नंतर त्या बाईला एकटीला सिद्ध करत बसावं लागतं की ती तीच आहे. हे मी आपल्या भावांना सांगतो आहे, कारण नाव बहिणींनी बदललेलं नाही."

हे मी घरगुती म्हणून कापलं होतं. एका बाईनं कापलं होतं. त्या रात्री मी तुझ्यावर चिडले, हेही सांगून टाकते. एवढं महत्त्वाचं होतं तर भांडला का नाहीस? कोथिंबिरीवरून भांडत होतास! आणि दुसरी भीती त्याहून मोठी होती. दुसऱ्यांना शहाणपण सांगणाऱ्या या माणसानं स्वतःच्या घरी ते केलं होतं का? फोल्डरमध्ये प्रतिज्ञापत्र नव्हतं. सुजाताला असा काही कागद आठवत नव्हता. नसेल तर नागपूरहून नव्यानं कागद मागवा, भाषांतर करा, शिक्के घ्या. हातात होता त्या महिन्याभरात काय, तीन महिन्यांतही झालं नसतं.

सैन्याच्या ओळखपत्राच्या ऑफिसची वेळ मिळाली पुढच्या सोमवारची. मैत्रेयीला परत जावं लागलं, म्हणून मी सुजाताला घेऊन गेले. फ्रीवेवर तासाभराचा रस्ता होता. शेवटी मीच म्हटलं, "सुजाता, एक सांगायचंय. त्यानं नावांबद्दल लिहिलं होतं लेखात. मी कापलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मला माहीत आहे, ताई. त्यांनी मला आधी वाचून दाखवला होता तो लेख. अंक आल्यावर मी शोधला, तर नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला बरं नसेल वाटलं ते. आणि तुमचं सगळं बरोबर असते न."

मिलिंद, तू मला इतक्या वर्षांत पुष्कळ बोललास, पण असं कधी बोलला नाहीस. आणि तिच्या आवाजात टोमणासुद्धा नव्हता.

ऑफिस म्हणजे एक लहान खोली, तीन खुर्च्या आणि काउंटरमागे वर्दीतली एक सार्जंट बाई. तिनं मृत्यूचा दाखला पाहिला, उभी राहिली, "मॅम" म्हणाली, परत बसली. तिच्या कॉम्प्युटरवर तुझं नाव आलं. त्यापुढे तुझं नातं लिहिलेलं असतं, 'स्पॉन्सर'. आपण इथं आलो तेव्हा स्पॉन्सर म्हणजे व्हिसा देणारी कंपनी होती, तिची मर्जी सांभाळता सांभाळता आपली उमेद गेली. सैन्याच्या दप्तरात सुजाताचा स्पॉन्सर तू होतास आणि गेल्यावरही तूच राहणार होतास. ते मला एकदम फार बरं वाटलं.

मग सार्जंटच्या कपाळाला आठी पडली. "माझ्याकडे स्पाउस म्हणून कुसुम दिसतेय. पासपोर्टवर सुजाता आहे. विच वन इज शी?"

मी तोंड उघडलं. मराठी लग्नांवर इंग्रजीतून व्याख्यान द्यायची माझी पूर्ण तयारी होती. सुजातानं माझ्या दंडावर हात ठेवला आणि तिच्या मोजक्या इंग्रजीत म्हणाली, "बोथ. मी."

"वन सेकंड," सार्जंट म्हणाली. "एक जुना स्कॅन आहे." ती वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. तुझं प्रतिज्ञापत्र होतं, मिलिंद, तुझ्या भरतीच्या पहिल्या वर्षातलं. नोटरीच्या शिक्क्यासह. तुझं तेव्हाचं इंग्रजी, प्रत्येक वाक्य वर्दी घालून उभं राहिल्यासारखं. मी मराठीत सांगते: "माझ्या पत्नीचं जन्मनाव कुसुम आहे. विवाहाच्या वेळी माझ्या घरच्यांनी ते बदलून सुजाता केलं. मी तिथे हजर होतो आणि मी काही बोललो नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. दप्तरात जन्मनाव प्रथम लिहावं ही विनंती."

म्हणजे अमेरिकन सैन्याच्या दप्तरात ती सत्तावीस वर्षं कुसुमच होती. घरात नव्हती, मंडळात नव्हती, माझ्या फोनमध्ये नव्हती. तू एका अनोळखी ऑफिसात शपथेवर कबुली दिलीस आणि ती जिला द्यायची तिला दिली नाहीस. हे बोलायचं असतं रे! पण तुला तरी कुठल्या तोंडानं सांगू, मी स्वतः तीन वर्षं एक 'हक्क' गिळून बसले होते.

सुजातानं स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगितली. चष्मा लावून तिनं ते स्वतः वाचलं. एकेक शब्द, ओठ हलवत. "मी काही बोललो नाही" या ओळीशी थांबली, मग पुढे गेली. "मला कधी म्हणाले नाहीत," एवढंच ती मला म्हणाली.

सार्जंटनं स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. "प्रतिज्ञापत्र आहे, सो वुई आर गुड. कार्ड आज मिळेल. रेकॉर्डमध्ये पहिलं नाव कुसुम, मधलं सुजाता असं आहे. पासपोर्टसारखं बदलून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे."

मी लगेच म्हटलं, "हो, बदलून टाक, सुजाता. दवाखान्यात तुझं नाव सुजाताच आहे, परत घोटाळा नको. मी लिहून देते, कुठं सही करायची ते..." माझ्या हातात पेन होतं. माझ्या हातात नेहमीच पेन असतं.

"ताई," ती म्हणाली, "त्यांनी लिहिलंय तसं राहू द्या. आता तुम्ही काही बदलू नका."

मी पेन पर्समध्ये ठेवलं.

फोटो काढताना सार्जंटनं तिला हसायची परवानगी आहे म्हणून सांगितलं. ती हसली नाही, पण मान ताठ होती. कार्ड गरम गरम बाहेर आलं. त्याच दुपारी दवाखान्याला फोन केला, कार्डाचा नंबर दिला, नाव आहे तसं अक्षर अक्षर सांगितलं. तिकडच्या बाईनं काही न विचारता लिहून घेतलं. एवढ्याशा गोष्टीची मी किती धास्ती घेतली होती.

तुझा परिच्छेद वर छापला आहे. त्या जुन्या शीर्षकाची दुरुस्तीही या अंकाच्या अनुक्रमणिकेखाली दिली आहे, आरोग्यहक्क. कुणी विचारलं तर सांगेन, मी हरले म्हणून.

काल सुजाताची खेप होती. आम्ही वेळेआधीच जाऊन बसलो. तुझी नेहमीची खुर्ची, खिडकीजवळची, कुणीतरी घेतली होती, म्हणून दाराशी बसलो. मी तिला काहीतरी सांगत होते, बहुधा कुणाची तरी तक्रार. आतलं दार उघडलं आणि नर्सनं यादीवर बोट ठेवून हाक मारली, "कुसुम?" तिनं उच्चार पार वाकडा केला होता. सवयीनं मी दुरुस्त करायला वळले, तर शेजारची खुर्ची रिकामी होती. ती दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.